सही हिरवी होती

१

दसऱ्याच्या संध्याकाळी सुरतेतल्या बमरोलीच्या मेघपुष्प प्रोसेसर्स या कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या अंगणात सगळे जण एकमेकांच्या हातात आपट्याची पानं देत होता. उज्ज्वला तेवढी संगणकाच्या खोलीत बसून होती, कारण सणावाराला या खोलीत कोणीतरी असावंच लागतं आणि ते कोणीतरी नेहमी तीच असते. इंटरकॉम वाजला. बॉयलरघरातून तिचा थोरला भाऊ सुपडू घरच्या अहिराणीत बोलत होता.

"उज्जू, दोन नंबर चालू कराना हुकूम उना शे. साहेबनी सही शे का?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. दोन नंबरचा बॉयलर नळी गळते म्हणून बंद ठेवला होता. ती बंदी उठवल्याचा आदेश समोर होता आणि खाली बॉयलरच्या साहेबांचं नाव हिरव्या अक्षरांत उमटलं होतं. श्रीकांत बेडेकर.

"शे, भाऊ. हिरवी शे."

"मंग चालू करस," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

थोड्या वेळानं नळी फुटली. वाफेचा आवाज बमरोलीच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला. अंगणातली माणसं पानं टाकून धावली तेव्हा सुपडूला ओळखायला त्याच्या पायातल्या चपलांशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

उज्ज्वला रडली नाही. तिला एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती. ज्यानं ती सही केली त्यानं तिच्या भावाला मारलं, आणि मारताना तिचा आवाज वापरला. त्या माणसाला ती सोडणार नव्हती.

२

हे सह्यांचं प्रकरण कारखान्यात नवंच होतं. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली होती, की महत्त्वाचा प्रत्येक आदेश संगणकावर द्यायचा आणि जबाबदार माणसानं त्याखाली डिजिटल सही करायची. म्हणून बॉयलर, प्रयोगशाळा आणि उत्पादन या तीन विभागांच्या प्रमुखांना एकेक टोकन मिळालं होतं. किल्ल्यांच्या जुडग्यात मावेल एवढं, करड्या प्लास्टिकचं, छोट्या खिडकीत सहा आकडे, आणि ते आकडे दर मिनिटाला बदलणारे. ते आकडे आणि आपला गुप्त क्रमांक, दोन्ही बरोबर पडले की संगणक त्या माणसाचं सर्टिफिकेट, म्हणजे आतलं ओळखपत्र, बाहेर काढून आदेशावर शिक्का मारायचा. खरा असेल तर हिरवा, रद्द झालेला असेल तर लाल. सर्टिफिकेटं द्यायची आणि काढून घ्यायची, हे काम उज्ज्वलाचं. सुपडूला पडद्यावरचं काही कळायचं नाही, म्हणून तो प्रत्येक आदेशाला बहिणीला फोन करून विचारायचा. लोक हसायचे. आता कोणी हसत नव्हतं.

कारखान्याचे मालक रमणिकभाई शेठ. तेराव्यानंतर त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"जो बेटा," ते म्हणाले, "फॅक्टरी इन्स्पेक्टर उद्या येतो. सही बेडेकरची आहे, मशीन सांगते. तू रिपोर्ट लिहून दे. तिघांची टोकनं गोळा कर, पाकिटात घालून सील मार. पूरं थई जाय."

"बेडेकर साहेब तर त्या दिवशी बारडोलीला, बहिणीकडे होते, शेठ."

"तो क्या हुआ? तूच सांगितलं होतं ना, आकडे फोनवरपण सांगता येतात?"

सांगितलं होतं खरं. एक मिनिट पुरतं. बारडोलीहून कोणीही इथल्या कोणालाही सहा आकडे सांगू शकतो. शिवाय नियम साधा होता. टोकन ज्याचं, सही त्याची, पापही त्याचं. रिपोर्ट लिहायला तिचे हात शिवशिवत होते. बेडेकरला बेड्या पडलेल्या पाहिल्या तर पहिल्यांदा पोटभर जेवीन, असं ती सरलावहिनीला म्हणाली होती. सरलाबाई, सुपडूची बायको, ऐकून चुलीतली लाकडं पुढे सारत राहिली होती.

टोकन घ्यायला ती स्वतः भेस्तानला बेडेकरांच्या घरी गेली. शिपाई पाठवता आला असता. पण तिला त्याचा चेहरा पाहायचा होता.

३

दार श्रीकांत बेडेकरांनीच उघडलं. एरवी बॉयलरघराबाहेर इस्त्रीच्या शर्टाशिवाय न दिसणारा माणूस मळक्या गंजीफ्रॉकवर उभा होता. निलंबनाचं पत्र आल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते.

"बसा," ते म्हणाले.

"बसायला आले नाही मी. टोकन द्या."

त्यांनी ते खिळ्यावर टांगलेल्या शर्टाच्या खिशातून काढलं. "उज्ज्वलाताई, मी ती बंदी उठवली नाही. नळी बदलल्याशिवाय मी माझ्या बापालासुद्धा तो बॉयलर लावू दिला नसता."

"मग सही कोणी केली? भुतानं?"

"ते मला ठाऊक नाही. नवमीला सकाळीच बॉयलरघरातलं काम उरकून मी निघालो, बहिणीकडे. टोकन खिशात होतं. बारडोलीला मी ते बाहेरसुद्धा काढलं नाही. सुपडूचं कळलं तसा थेट तापीच्या घाटावर आलो."

"खिशातून ते कधीच निघालं नाही?"

"नाही. म्हणजे घाटावर आम्ही सगळे अंघोळीला उतरलो तेव्हा शर्ट काढला होता. पण तो उत्पादनाच्या योगेंद्रनं धरला होता. स्वतः म्हणाला, साहेब, भिजेल, द्या माझ्याकडे. त्या दिवशी माझ्याशी नीट वागणारा तो एकटाच."

"आणि तुमचा गुप्त क्रमांक?"

बेडेकरांनी मान खाली घातली. तो क्रमांक अख्ख्या कारखान्याला पाठ होता, कारण साहेबांना आकडा टाइप करताना तो आरतीसारखा पुटपुटायची खोड होती. उज्ज्वलानं त्यांना कितीदा टोकलं होतं. ते हसून म्हणायचे, नुसत्या क्रमांकानं काय होतंय, टोकन माझ्या खिशात आहे.

तिनं टोकन उचललं. मागचा नंबर तिच्याजवळच्या नोंदीशी जुळला. बेडेकरांचंच होतं. बोटांनी ते चिरडून टाकावं असं तिला वाटलं. खिडकीच्या कडेच्या खाचेत काहीतरी लालसर अडकलेलं होतं आणि भोवतीचं करडं प्लास्टिक पिवळट पडलं होतं. तिनं नखानं खरवडलं. नखाच्या टोकाला कुंकू आलं.

पूजेचं असेल, ती मनाशी म्हणाली, आणि टोकन पिशवीत टाकून रिक्षात बसली. रिक्षा पांडेसऱ्याच्या वळणावर आली तेव्हा ती एकाएकी ताठ झाली.

कोणत्या पूजेचं?

४

खंडेनवमीला बॉयलरघरात हत्यारांची पूजा व्हायची. खानदेशातून आलेल्या कामगारांनी ही रीत बरोबर आणली होती. फावडी, पाने, हातोड्या बॉयलरसमोर मांडायच्या आणि सरलाबाईनं प्रत्येकावर ओलं हळदकुंकू लावायचं. दरवर्षीचा मान तिचाच. पूजा दुपारी झाली होती आणि बेडेकर सकाळीच गेले होते. बारडोलीला खिशात बसलेल्या टोकनाला बमरोलीचं कुंकू कसं लागेल?

उज्ज्वलाला याचा आनंद झाला नाही. उलट संताप आला. इतके दिवस तिनं एका माणसाचा द्वेष मन लावून केला होता, आणि आता तो सोडायचा म्हणजे हातातला घास काढून द्यायचा. पण भाऊ तिचा होता. चुकीच्या माणसावर सूड उगवला तर खरा माणूस मजेत जगणार, हे तिला सहन होणारं नव्हतं.

दुसरं टोकन रजनीताईंकडे होतं. रजनी परांजपे, रंगांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, जिभेच्या तिखट. दसऱ्याची ती सही त्यांच्याच खोलीतल्या संगणकावरून झाली होती.

"माझ्यावर संशय आहे, ते मला कळतं," रजनीताई म्हणाल्या. "खोली उघडी टाकून मी सोनं वाटायला अंगणात गेले. गाढवपणा केला. कोणीही आत आलं असेल."

"तुम्ही पूजेला टोकन ठेवलं होतंत?"

"ठेवलं ना. योगेंद्रनं आग्रह केला म्हणून. म्हणाला, ताई, आता हेच आपलं हत्यार. त्यानं स्वतःचं ठेवलं, माझं ठेवायला लावलं." त्यांनी टोकन पुढे केलं. खाचेत कुंकू होतं. "घासलं तरी जात नाही मेलं. सरलाबाईंचा हात सढळ."

"आणि दसऱ्याला काम होतं तुम्हाला?"

"होतं म्हणजे! सणासुदीला योगेंद्र डोक्यावर बसला, निर्यातीचा रंग घालायला घ्या. मी म्हटलं, आदेश कुठाय? तर म्हणे, तोंडी समजा, सही नंतर करतो. एरवी हा माणूस चहा मागवायलासुद्धा सही करेल."

"मग नंतर केली?"

"अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी. एकदम सगळ्या."

उज्ज्वला खोलीत परतली आणि पडद्यावर जुने आदेश उघडून बसली. रजनीताई खरं बोलत होत्या. नवमीच्या सकाळपासून अंत्यविधी होईपर्यंत योगेंद्रची एकही सही नव्हती. एवढे दिवस त्याचं हत्यार म्यानातच होतं. की कुठे दुसरीकडेच होतं?

५

योगेंद्र पाटील उत्पादनाचा मॅनेजर. त्यांच्याच गावाकडचा. सुपडूला सुरतेत पहिली नोकरी यानंच लावून दिली होती, आणि तेराव्याच्या दिवशी पंगतीत वाढायलाही हाच होता. उज्ज्वला त्याला भाऊ म्हणायची.

"ये, उज्जू बहीण." त्यानं खुर्ची ओढून दिली. "झाला का रिपोर्ट?"

"होतोय, योगेंद्रभाऊ. तुमचं टोकन द्यायचंय."

"हे घे." त्यानं जुडग्यातून काढून दिलं. "त्या बेडेकरला सोडू नको. शिकलेली माणसं अशी असतात बघ. बहिणीकडे बासुंदी खात फोनवर आकडे सांगायचे, आणि मरायचं आपल्या माणसांनी."

तिनं टोकन उलटसुलट पाहिलं. नंबर योगेंद्रचाच. करडं, गुळगुळीत, नव्यासारखं. आवाज तिनं मुद्दाम साधा ठेवला.

"तुमचं पूजेला होतं ना, भाऊ?"

"होतं म्हणजे? सगळ्यांत पुढे. तुझ्या वहिनीनं कुंकू लावलं, मी नमस्कार केला. सगळ्यांनी पाहिलं."

"हो," उज्ज्वला म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलं."

घरी आल्यावर तिनं तिन्ही टोकनं सरलाबाईसमोर ठेवली. सरलाबाई चुलीपाशी बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिनं एकेक टोकन उचललं, दिव्याकडे धरलं, अंगठा फिरवला. कुंकवाची दोन बाजूला काढली आणि बेडेकरांच्या टोकनावर अंगठा तसाच ठेवून बसली.

"हाई मना हातनं कुकू शे," ती म्हणाली. "आखरीनं."

मग पहिल्यांदाच तिनं नणंदेकडे डोळे वर करून पाहिलं. "उज्जू, पोटभर जेवाले कव्हय बसवशी माले?"

६

सकाळी शेठच्या केबिनमध्ये उज्ज्वलानं सगळ्यांना बोलावून घेतलं. बेडेकर दाराशी उभे राहिले, कारण त्यांना कोणी बसायला सांगितलं नाही. योगेंद्र शेठच्या शेजारी बसला होता. रजनीताई येताना आपली लूना फाटकाबाहेरच लावून आल्या होत्या. सरलाबाई जमिनीवर बसली. खुर्ची दिली तरी घेतली नाही.

"रिपोर्ट कुठे?" शेठनी विचारलं.

"सांगते तोंडी. आधी योगेंद्रभाऊंना एक विचारते. नवमीला पूजेत तुम्ही जे टोकन ठेवलंत, त्याला वहिनींनी कुंकू लावलं. बरोबर?"

"कितीदा सांगू? बरोबर."

उज्ज्वलानं टेबलावर तिन्ही टोकनं ओळीनं ठेवली. "हे रजनीताईंचं. कुंकू आहे. हे तुमचं. कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही."

"पुसलं असेल मी."

"रजनीताईंनी घासघासून पुसलं, गेलं नाही. हळदीचा डाग प्लास्टिकवरून जात नसतो, भाऊ. हे घरातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतंत तर कळलं असतं. आणि हे तिसरं, बेडेकर साहेबांचं. साहेब सकाळी गेले, पूजा दुपारी झाली. तरी याला कुंकू आहे. आता सांगा, साहेबांचं टोकन आमच्या बॉयलरसमोर कोणी ठेवलं?"

बेडेकर एक पाऊल आत आले.

"बॉयलरघरात साहेब शर्ट खिळ्याला टांगून काम करतात," उज्ज्वला म्हणाली. "नवमीच्या सकाळी तुम्ही त्या शर्टातलं टोकन काढलंत आणि खिसा हलका लागू नये म्हणून त्यात आपलं टाकलंत. साहेब तुमचं टोकन घेऊन बारडोलीला गेले. दुपारी पूजा आली. तुम्ही दरवर्षी काहीतरी पुढे ठेवता, लोक वाट पाहतात. आणि खरं सांगू? न ठेवायची तुमची छातीच झाली नाही. पाप करायचं होतं, पण देवाला चुकवायचं नव्हतं. म्हणून साहेबांचं टोकन आपलं म्हणून ताटासमोर ठेवलंत."

"बकवास आहे ही," योगेंद्र म्हणाला, पण त्याचा हात टेबलाची कड चाचपत होता.

"दसऱ्याला सगळे अंगणात असताना प्रयोगशाळेत शिरून तुम्ही साहेबांची सही केलीत. त्यांचा क्रमांक तर पाखरांनाही पाठ आहे. त्या दिवसांत तुमची स्वतःची मात्र एकही सही नाही. रजनीताईंना तोंडी आदेश दिलात. देणार काय? तुमचं टोकन बारडोलीला होतं. मग माझा भाऊ मेला. तुम्ही त्याला खांदा दिलात, आणि त्याच्या चितेसमोर, तापीच्या काठावर, भिजेल म्हणून साहेबांचा शर्ट मागून घेतलात. टोकनं परत बदलली. माझ्या भावाच्या चितेसमोर, योगेंद्रभाऊ!"

योगेंद्रनं शेठकडे पाहिलं. शेठ खिडकीबाहेर पाहत होते. त्याला काय दिसायचं ते दिसलं असावं, कारण तो खचला.

"मला वाटलं, नळी एवढा माल निघेपर्यंत टिकेल," तो म्हणाला. "जहाज चुकलं असतं. शेठ म्हणाले होते, कसंही कर. बेडेकर ऐकत नव्हता. वहिनी, देवाशप्पथ, सुपडूची पाळी आहे हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी बॉयलरवर लोटूची असायला हवी होती."

"लोटूले बी बायको शे," सरलाबाई म्हणाली.

७

बेडेकर भिंतीला टेकून रडत होते. उज्ज्वलाला त्यांची माफी मागायची होती, पण ते काम नंतरचं होतं.

शेठनी घसा साफ केला. आवाज अगदी मऊ होता. "बेटा, बहु दुःख थयुं. पण समज. योगेंद्र गेला तर कारखाना कोण चालवणार? दुसरी ऑर्डर डोक्यावर आहे. सरलाबेनला घर देतो, तुला मोठी जागा देतो. बेडेकर शिकलेला माणूस आहे, त्याला पुण्यात कुठेही नोकरी मिळेल. नाव त्याचंच राहू दे. टोकनं इथं ठेव."

उज्ज्वलानं टोकनं पाकिटात घातली, पाकीट रजनीताईंच्या हातात दिलं. शेठ उठायच्या आत रजनीताई बाहेर पडल्या. लूनाचा आवाज फाटकाबाहेरून लांब गेला. इन्स्पेक्टरच्या ऑफिसला त्या शॉर्टकटनं जाणार होत्या.

"तें आ शुं कर्युं?" शेठ ओरडले. "उद्यापासून तू इथे नाहीस!"

"उद्या ना? मग आजचा दिवस माझा आहे."

ती संगणकाच्या खोलीत गेली आणि दाराला आतून कडी घातली. बाहेर योगेंद्र दार बडवू लागला, आधी बहीण म्हणून, मग शिव्या देत. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिघांची सर्टिफिकेटं एकापाठोपाठ एक उघडली. बेडेकर. परांजपे. योगेंद्र. रद्द करायचं तर संगणक कारण विचारतो. तिनं तिन्ही वेळा एकच कारण लिहिलं, सुपडू. पडद्यावरची हिरवी अक्षरं लाल होत गेली. आता या कारखान्यात कोणताही हुकूम खरा नव्हता, आणि नवी सर्टिफिकेटं देणारी ती एकटीच होती.

तिला बरं वाटलं. हे ती पुढे कधी लपवणार नव्हती. छातीत दसऱ्यापासून जे अडकून बसलं होतं ते मोकळं झालं आणि आता तिला रडू आलं.

इंटरकॉम वाजला. सुपडू गेल्यापासून बॉयलरघरानं एक नियम स्वतःच घालून घेतला होता. विचारल्याशिवाय कोणी वाफेच्या चाकाला हात लावायचा नाही. लोटू बोलत होता.

"ताई, एक नंबरवर दाब वाढावाना कालदिनना हुकूम शे. योगेंद्र साहेबनी सही शे का?"

उज्ज्वलानं डोळे पुसून पडद्यावरच्या लाल झालेल्या नावाकडे नीट पाहिलं. भावाला उत्तर देताना तिनं इतकं नीट पाहिलं नव्हतं.

"नही शे, लोटू," ती म्हणाली. "कोनीबी सही नही शे. आग ओढी ले."

पलीकडे लोटूनं फोन न ठेवताच हाक दिली, आणि मग तिला निखारे बाहेर ओढणाऱ्या फावड्यांचा आवाज ऐकू आला.